ओझ्याच्या गाडीचा गिअर

कतारगाम म्हटलं की सुरतेबाहेरच्या माणसाला हिरा आठवतो. हिरे घासायच्या घंटीवर वाकलेले कारागीर, डोळ्याला लावलेला आयग्लास, संध्याकाळी कारखाने सुटले की रस्त्यावर उतरणारा मोटरसायकलींचा लोंढा. ते सगळं आहेच. पण इथल्या औद्योगिक वसाहतीत लूम आणि एम्ब्रॉयडरीच्या शेडांच्या आसपास लेथवाले, वेल्डर आणि गॅरेजवालेही पोट भरतात. त्यांच्यातला एक फोरमन नवापूरकडचा. खानदेशातून तापीच्या काठाकाठाने सुरतेला आलेल्या हजारो कुटुंबांपैकी एका घरातला. हाताखालच्या पोरांशी अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलतो. त्याच्या बाकावर एका जड एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पार सुटा होऊन पडलेला मी पाहिला, आणि हा लेख तिथून निघाला.

गाडीचा मालक मागे ट्रॉली जोडून सामान ओढतो. गिअरबॉक्स एकदा जळला. दुसरीकडे कुठेतरी नव्या प्लेटा, नवी सीलं, नवं तेल घालून बांधून घेतला. वर्षाच्या आत दुसरा गिअर पुन्हा स्लिप मारू लागला. फोरमनने जळकी प्लेट माझ्या हातात दिली. काळी पडलेली, कागदासारखं अस्तर नखाने निघत होतं. तेलाला करपलेल्या दुधासारखा वास. "भाऊ, प्लेटा जळल्या म्हणून प्लेटा बदलल्या," तो म्हणाला. "का जळल्या, ते कोणी बघितलंच नाही."

माझं म्हणणंही एवढंच आहे. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या झपाट्याने वाढल्या, त्या दुरुस्त करणारेही वाढले, पण दुरुस्ती अजून झिजलेला भाग बदलण्यावरच थांबते. तो भाग ज्याच्या हुकमाने झिजला, तो हुकूम तसाच राहतो. शिफ्ट किट म्हणून सुट्या भागांची एक पिशवी मिळते. ती बसवणं म्हणजे तो हुकूम बदलणं. ओझ्याच्या गाडीत बांधणीच्या वेळी हे काम टाळणं मला अर्धवट काम वाटतं.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक क्लचप्लेट असते. घासायचं काम तिचं. झिजली की सोनगढपासून धुळ्यापर्यंत कुठलाही मिस्त्री ती बदलून देतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या या डब्यात इंजिनाकडचं पातं तेल फेकतं आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडचं पातं फिरतं. जर्मनीच्या हेरमान फ्योटिंगरने १९०५ मध्ये हे तत्त्व जहाजांसाठी पेटंट केलं होतं. कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चाकांचे असे संच असतात, की त्यांचे दाते कधीच एकमेकांतून सुटत नाहीत. गिअर बदलायचा म्हणजे कुठला भाग धरायचा आणि कुठला सोडायचा, एवढंच ठरवायचं. धरायचं काम तेलात बुडालेल्या प्लेटांच्या गड्ड्या करतात, काही गिअरबॉक्समध्ये ड्रमभोवती आवळणारा पट्टाही करतो. एक अस्तराची प्लेट, एक साधी पोलादी, पुन्हा अस्तराची, अशी ती गड्डी. मागून तेलाचा दाब आला की पिस्टन गड्डी दाबतो, प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि गिअर पडतो.

कुठल्या गड्डीला कधी, किती आणि किती वेगाने तेल पाठवायचं, हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. ॲल्युमिनियमचं हे ओतीव खोकं गिअरबॉक्सच्या पोटात, तळाच्या तेल साठायच्या चेंबरच्या वर बसतं. आतून पाटांचं जाळं, त्या पाटांत सरकणारे बोटाएवढे दांडे (हेच व्हॉल्व्ह), त्यांच्या स्प्रिंगा आणि तेल एकाच दिशेने जाऊ देणारे छर्रे. दोन अर्ध्यांच्या मध्ये पोलादाचा पातळ पत्रा, त्याला मोजून मारलेली भोकं. संगणक यायच्या आधी हे खोकंच गिअरबॉक्सचा मेंदू होतं. आता संगणक आला, तरी त्याचा हुकूम शेवटी याच पाटांतून तेलाच्या रूपाने जातो.

प्लेटांची गड्डी क्षणात चिकटत नाही. ती घसरत घसरत चिकटते, आणि ती घसरण चालू असेपर्यंत उष्णता निर्माण होते. प्लेटांवरचा भार आणि वेगातला फरक तोच असेल, तर घसरण जितकी लांबते तितकी उष्णता वाढते. आता मोटार बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक कोण, ते पाहा. शोरूममधून गाडी नेणाऱ्या माणसाला गिअर बदलल्याचं कळतासुद्धा कामा नये. चहाचा कप हिंदकळता कामा नये. म्हणून कारखाना तेलाचा दाब जपून ठेवतो, पत्र्यातली भोकं बारीक ठेवतो आणि वाटेत ॲक्युम्युलेटर बसवतो. ॲक्युम्युलेटर म्हणजे स्प्रिंगवर बसलेला पिस्टन. गड्डीकडे जाणारं थोडं तेल तो आधी स्वतः पितो, म्हणजे दाब हळूहळू चढतो आणि गिअर मऊ पडतो. एकटा माणूस गाडीत असेल तर हे छान चालतं. मागे ट्रॉली लावा, चढ द्या, सुरतेचा मे महिना द्या, की तोच मऊपणा प्लेटांच्या मुळावर येतो. गिअरबॉक्सच्या तेलाचा या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दर १०-११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. मऊ गिअर टाकणारी भरलेली गाडी घाटात हा आकडा कधी ओलांडते, ते चालवणाऱ्याला कळतही नाही.

हे सगळं पहिल्यांदा भोगलं अमेरिकेने, कारण ऑटोमॅटिक तिथेच घरोघरी गेलं. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक दिला. दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स एम५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकच्या दोन इंजिनांमागे बसला. कोरियाच्या युद्धाच्या सुमारास जीएमसीने सैन्यासाठी बांधलेल्या अडीच टनी ट्रकांतही तो होता. पुढे क्रायसलरचा टॉर्कफ्लाइट आला, फोर्डचा सी६ आला, जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० आला. हेच गिअरबॉक्स मोटारींखाली आणि पिकअप ट्रकांखाली जाऊ लागले. शेतकरी त्यात चारा भरे, बोट ओढे, घोड्यांची ट्रॉली ओढे. एका बाजूला मोटारीच्या सुखासाठी ठरवलेला दाब, दुसऱ्या बाजूला ट्रकाचं काम. जळालेल्या प्लेटा गल्लोगल्लीच्या गॅरेजांत जमू लागल्या.

त्यातून दुरुस्तीवाल्यांची एक स्वतंत्र जात तयार झाली. कॅलिफोर्नियात बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांनी १९५३ मध्ये बी अँड एम काढली आणि शर्यतीच्या गाड्यांचे गिअरबॉक्स बांधायला घेतले. कॅलिफोर्नियातच गिल यंगर या माणसाने ट्रान्सगो काढली. गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा का परत येतो, याचा माग तो व्हॉल्व्ह बॉडीत काढत गेला आणि दुरुस्ती पिशवीत घालून विकायला लागला. 'शिफ्ट किट' हा त्याच कंपनीचा नोंदवलेला ट्रेडमार्क. आज मात्र कुठल्याही कंपनीच्या अशा पिशवीला मिस्त्री तेच म्हणतात. पिशवीत काय असतं? स्प्रिंगा, एखाद-दुसरा नवा व्हॉल्व्ह, छर्रे, पॅकिंग, कधी नवा पत्रा, कधी पत्र्याला भोक मोठं करायला ड्रिलचं बिट, आणि पाठपोट छापलेला कागद. खरी किंमत त्या कागदाची. कुठला छर्रा काढायचा, कुठला ठेवायचा, कुठल्या भोकाला किती बिट, हे त्यावर असतं, आणि ते कोणीतरी जळकी खोकी उघडून उघडून शिकलेलं असतं.

जनरल मोटर्सचा ७००आर४ घ्या. १९८२ मध्ये आला, चार गिअर, चौथा ओव्हरड्राइव्ह. याच्या तेलाचा दाब इंजिनाच्या थ्रॉटलला जोडलेल्या एका केबलवर अवलंबून. पाय दाबला की केबल ओढली जाते आणि दाब चढतो. केबल सैल राहिली तर इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि गिअरबॉक्स मात्र निवांत दाबावर, अशी स्थिती होते. नवा बांधलेला गिअरबॉक्स नुसत्या या केबलमुळे थोडक्या किलोमीटरांत जळाल्याच्या गोष्टी त्या धंद्यात नवशिक्याला पहिल्याच दिवशी ऐकवतात. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला यात पट्टा आवळावा लागतो. पट्टा आवळणारा पिस्टन कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये मोठ्या व्यासाचा होता. दाब तोच, क्षेत्रफळ जास्त, म्हणून पकड घट्ट. पिकअपमध्ये तो कॉर्व्हेटचा पिस्टन बसवणं ही या गिअरबॉक्सची सगळ्यांत स्वस्त आणि नेमकी सुधारणा. १९९३ पासून हाच गिअरबॉक्स ४एल६०ई या नावाने संगणकाच्या हाताखाली गेला. केबल गेली, पण ॲक्युम्युलेटरचे पिस्टन तडकणं, कन्व्हर्टरच्या व्हॉल्व्हचं भोक झिजणं आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरची गड्डी जळणं राहिलंच.

क्रायसलरच्या टॉर्कफ्लाइटचं दुखणं वेगळं. त्याच्या बऱ्याच प्रकारांत लिव्हर 'पार्क'वर असताना कन्व्हर्टरकडे तेलच जात नाही. कामाच्या जागी पिकअप 'पार्क'मध्ये तासभर सुरू ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. पुढे याच वंशाचे गिअरबॉक्स डॉज रॅमच्या कमिन्स डिझेलमागे बसले. डिझेलचा टॉर्क कमी फेऱ्यांतच प्रचंड असतो, आणि त्या फेऱ्यांना गिअरबॉक्सचा पंपही हळू फिरत असतो. किटमध्ये 'पार्क'मध्येही तेल फिरवायची सोय असते. कागदावर ती एक ओळ, पण त्या एका ओळीने किती बुश आणि किती वॉशर वाचले असतील!

कतारगामच्या बाकावर परत येतो. फोरमनने व्हॉल्व्ह बॉडी बांधायला घेण्याआधी ती तपासली, आणि तपासायला वेळ घेतला. एकेक दांडा बाहेर काढून धुतला, उजेडाला धरून त्याच्या कडा पाहिल्या. मग एका छोट्या पंपाने दांड्याच्या एकेका भोकात निर्वात करून मीटरवरचा काटा पाहिला. निर्वात पाऱ्याच्या १८ इंचांच्या वर टिकला तर भोक ठीक. घसरला, तर दांडा आणि भोक यांच्यामधून तेल पळतंय. डोळ्याला काहीच दिसत नाही. मिलिमीटरच्या काही शतांशांची झीज, पण दाब तिथूनच गळतो आणि गड्डीला तहानलेली ठेवतो. या वस्तीत माणसं आयग्लास लावून याहून बारीक खोट शोधतात, आणि मला तिथे उभं राहून वाटलं, हे काम इथे रुजायला हवं. दाबाच्या मुख्य व्हॉल्व्हच्या भोकात काटा खाली आला. आधीच्या बांधणीत हे भोक कोणी तपासलंच नव्हतं. नव्या प्लेटांवर तोच अपुरा दाब पडत राहिला आणि त्या जळाल्या.

अशा भोकाला दोन उपाय. भोक रीमरने मोठं करून मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवायचा. अमेरिकेत व्हर्मॉन्टच्या सोनॅक्ससारख्या कंपन्यांनी यासाठी वेगळी हत्यारं काढली आहेत. नाहीतर व्हॉल्व्ह बॉडीच दुसरी आणायची. नुसती दाबाची स्प्रिंग कडक करून गळती झाकणं हा तिसरा, चुकीचा मार्ग, आणि दुर्दैवाने तोच सर्रास चालतो. किट चांगल्या व्हॉल्व्ह बॉडीवर बसवायचं असतं. गळक्या भोकावर ते बसवून उपयोग नाही.

मग पत्रा. भोक मोठं करताना हात आवरावा लागतो. दोन मिलिमीटरचं भोक २.४ केलं की व्यासात फरक फक्त ०.४ चा, पण तेल जायची जागा ४४ टक्क्यांनी वाढते. फोरमनने बिट हाताच्या धारकात घालून फिरवलं, ड्रिल मशीन लावलंच नाही. भोकाची कड दोन्हीकडून हलकेच साफ केली, कारण तिथे राहिलेला बारीक तुकडा पुढे एखाद्या दांड्याखाली अडकतो. छर्रे जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन, ग्रीस कधीच नाही. व्हॅसलीन गरम तेलात विरघळतं, ग्रीस गुठळ्या करून पाटात बसतं. एखादा छर्रा घरंगळून दुसऱ्याच खळग्यात बसला तर एक गिअर येणारच नाही, किंवा एकदम दोन येतील. बोल्ट बोटाने धरले, मग टॉर्क पान्याने मधून बाहेर या क्रमाने आवळले. ४एल६०ईसारख्या गिअरबॉक्सला हा टॉर्क फक्त ११ न्यूटन-मीटर असतो. चाकाचे बोल्ट आवळायची सवय असलेला हात इथे हमखास जास्त लावतो, ॲल्युमिनियम वाकतं, आणि थंड असताना सुरळीत सरकणारा दांडा गरम झाल्यावर अडकतो.

आणि फडकं. सुरतेच्या या भागात हवेतसुद्धा यार्नचे तंतू उडतात. कपाटावर, पंख्याच्या पात्यांवर, पान्यांच्या ट्रेमध्ये पांढरट लव साचते. फोरमनने बाकाभोवती प्लास्टिकचा पडदा लावलाय आणि पोराला सक्त सांगून ठेवलंय, की बॉडी हवेने सुकवायची, चिंधी लावायची नाही. दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, जाळीवर एक तंतू बसला तरी पुरे. गॅरेजला एसी नसला तरी चालेल, पण या पडद्यावाचून हे काम करू नये, असं माझं मत झालं.

व्हॉल्व्ह बॉडी चढवण्याआधीची परीक्षा मला सर्वांत आवडली. गिअरबॉक्सच्या पोटातल्या एकेका भोकाला हवेची नळी लावायची. आतली गड्डी दबली की 'ठप' असा भरीव आवाज येतो. सील फाटलं असेल तर ठप येत नाही, नुसती सुसू येते. पोरगा नळी लावत होता आणि फोरमन डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या भोकाला त्याने हात वर केला. पुन्हा लाव, म्हणाला. पुन्हा लावली. ठप आली, पण पोकळ. गड्डी पुन्हा सुटी केली. एक सील खाचेत दुमडून बसलं होतं. गाडीत बसवल्यावर हे कळलं असतं तर अख्खा गिअरबॉक्स परत उतरवावा लागला असता.

आता दुसरी बाजू, कारण किटवर प्रेम करणारे लोक ती कमी सांगतात. दाब जितका जास्त तितकं बरं, हा गैरसमज तरुण मिस्त्रींत आहे, आणि व्हिडिओ पाहून तो वाढतो. उभ्या गाडीत 'ड्राइव्ह'ला साधारण ६० पीएसआय आणि पूर्ण जोराला दीडशेच्या वर, असा अनेक गिअरबॉक्सचा हिशेब असतो. ट्रकच्या टायरात हवा शंभर-सव्वाशेच्या आसपास असते, म्हणजे दाबाचा अंदाज येईल. हा दाब बेसुमार चढवला आणि ॲक्युम्युलेटर बंदच करून टाकले, तर गिअर धाडकन पडतो. प्लेटा वाचतात, पण तो धक्का पोलाद सोसतं. ४एल६०ईमध्ये सन शेल नावाचा पातळ भाग अशा धक्क्यांनी फाटतो, आणि फाटला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात. शिवाय आतला पंप सतत भारी दाबावर चालला तर तोही तेल तापवतो. ओझ्याच्या गाडीला हवा तो घट्ट आणि थोडक्यात आटपणारा गिअर, मान हिसडणारा नव्हे. चांगल्या किटच्या कागदात म्हणूनच मोटारीचे, ओढणाऱ्या गाडीचे आणि शर्यतीचे असे पर्याय वेगळे असतात. संगणक असलेल्या गाडीत बांधणीनंतर जुन्या सवयी पुसून त्याला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर तो जुन्या झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबाने दाब पाठवत राहतो.

वाचक विचारतील, आपल्या ट्रकांना यातलं काय? कतारगामहून माल घेऊन निघालेला ट्रक सोनगढ, नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीचा घाट चढतो आणि धुळ्याकडे जातो. त्याचा ड्रायव्हर हाताने गिअर टाकतो आणि अजून बरीच वर्षं टाकेल. भाव, ओव्हरलोड आणि वाटेवरची दुरुस्ती या तिन्हींत हाताचा गिअरबॉक्स आपल्याला परवडला. टाटा, अशोक लेलँड, भारतबेंझ यांच्या ट्रकांत आता 'एएमटी' मिळतो. तो बाहेरून ऑटोमॅटिक वाटला तरी आत हाताचाच गिअरबॉक्स आहे. क्लच दाबायचं आणि लिव्हर ढकलायचं काम फक्त यंत्र करतं. व्होल्वोचा आय-शिफ्ट त्यातलाच पुढारलेला. त्याला शिफ्ट किट लागू नाही, आणि ते बसवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नये. कन्व्हर्टर आणि प्लेटांच्या गड्ड्यांचा खरा ऑटोमॅटिक आपल्याकडे रस्त्यावरच्या जड वाहनांत बंगळुरूच्या व्होल्वो लो-फ्लोअरसारख्या शहरी बसमधून आला. असे गिअरबॉक्स बनवणाऱ्या ॲलिसनने चेन्नईजवळ ओरागडमला कारखानाच काढला. सुरतेच्या सिटीबसचा ओढा मात्र आता विजेकडे आहे, आणि तिथे हा प्रश्नच उरत नाही. पण जड एसयूव्ही आणि पिकअप आज ऑटोमॅटिक विकल्या जातायत, त्यांच्या मागे ट्रॉल्या लागतायत, आणि वॉरंटी संपली की त्या कतारगामसारख्या वस्त्यांत येणार आहेत.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांना व्हॉल्व्ह बॉडी फळ्यावर काढून दाखवतात. त्यापेक्षा जळालेली चार खोकी त्यांच्यासमोर ठेवावीत, निर्वाताचा पंप हातात द्यावा आणि कुठल्या भोकाने गिअरबॉक्स मारला ते शोधून काढा म्हणावं. हिऱ्यातली बारीक खोट दोन मिनिटांत सांगणारी मुलं ज्या वस्तीत आहेत, तिथे हे अवघड जाणार नाही.

फोरमनने गिअरबॉक्स चढवला, पण तेल थंड करणारा कूलर जुना ठेवला नाही. जळक्या प्लेटांचा गाळ कूलरच्या नळ्यांत बसलेला असतो आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. मालक त्या पैशांवरून कुरकुरला. "शेठ, कूलर नको असेल तर गाडी अशीच घेऊन जा, मी मजुरी घेत नाही," फोरमन म्हणाला. कूलर बदलला. दाबाचा मीटर जोडून गाडी गरम केली, 'ड्राइव्ह', रिव्हर्स आणि जोरातला आकडा वहीत लिहिला, तेल गरम असताना मोजून पूर्ण केलं. हजार किलोमीटरला चेंबर उघडून चुंबकावर काय आलंय ते बघायला आणा, असं मालकाला सांगितलं, आणि त्याच पानावर तारीख टाकली.